‘ग्नूसिम ८०८५’ : आज्ञावलीचे कर्तृत्व आणि मुक्त परवाना

इंटेल कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेला ‘८०८५’ हा आठ बिटांचा मायक्रोप्रोसेसर भारतातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला आहे. सुमारे साडेसहा हजार ट्रान्झिस्टरांची ही चिप कालबाह्य झाली, तरी साध्या रचनेमुळे अभ्यासक्रमात दीर्घकाळ टिकून राहिली. प्रयोगशाळेतील संचावर मात्र यंत्रसंकेत एकेक करून कळफलकाने भरावे लागत आणि प्रत्येक रजिस्टर स्वतंत्रपणे तपासावे लागे. हाच प्रोसेसर सर्वसाधारण संगणकावर आभासी रूपात चालवून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरला सिम्युलेटर म्हणतात.

लिनक्सवर चालणारा समाधानकारक सिम्युलेटर उपलब्ध नसल्याचे लक्षात आल्यावर श्रीधर रत्नकुमार यांनी २००३ मध्ये ‘ग्नूसिम ८०८५’ची निर्मिती केली. असेम्ब्ली भाषेत आज्ञावली लिहिणे, ती एकेका आज्ञेने पुढे नेणे, हव्या त्या ठिकाणी थांबविणे आणि त्या क्षणी ॲक्युम्युलेटर, फ्लॅग व स्मृतिस्थाने यांची स्थिती एकाच पडद्यावर पाहणे त्यामुळे शक्य झाले. ‘जनरल पब्लिक लायसन्स’ अर्थात जीपीएल या परवान्याखाली ते खुले करण्यात आले.

परवाना मुक्त आहे म्हणजे कर्त्याने हक्क सोडून दिला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन संगणक आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतींमध्ये करण्यात आला. त्यामुळे कादंबरीप्रमाणेच आज्ञावलीचा स्वामित्वहक्कही ती लिहिली जाताच निर्माण होतो; त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. साहजिकच, परवान्याविना प्रसिद्ध केलेली आज्ञावली सर्वांना दिसत असली, तरी तिच्या प्रती काढून वाटण्याची मुभा आपोआप मिळत नाही. जीपीएल ही मुभा देतो, पण ती कर्त्याच्या स्वामित्वहक्काच्याच आधारे. वापर, बदल आणि वितरण यांची परवानगी आहे. मात्र बदललेली आवृत्ती वितरित करणाऱ्याने तिची मूळ आज्ञावलीही त्याच अटींवर उपलब्ध करून द्यावी लागते. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने होणारा घोटाळा मराठीत होण्याचे कारण नाही, कारण मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. जीपीएलखालील सॉफ्टवेअर विकण्यासही मनाई नाही.

हक्क एकाच हाती असेल, तर परवाना बदलणे तुलनेने सोपे असते. केविन लॉटन यांचा ‘बॉक्स’ हा इंटेल संगणकांचा एम्युलेटर आधी सशुल्क होता. मँड्रेकसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००० मध्ये तो विकत घेऊन मुक्त परवान्याखाली आणला. ‘ग्नूसिम ८०८५’ची वाटचाल निराळी आहे. मूळ लेखनानंतर इतरांनी त्यात दुरुस्त्या केल्या, भाषांतरे पुरविली आणि विंडोजसाठी आवृत्ती तयार झाली. स्वतंत्र करार नसल्यास अशा प्रत्येक योगदानाचा स्वामित्वहक्क ते लिहिणाऱ्याकडेच राहतो. त्यामुळे असे सॉफ्टवेअर पुढे बंदिस्त करायचे झाल्यास सर्व हक्कधारकांची संमती लागेल. एकट्या मूळ कर्त्यालाही ते साधणार नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये जाहीर झालेल्या ‘फॉस इंडिया’ पुरस्कारांच्या वीस विजेत्यांमध्ये या सिम्युलेटरचा समावेश होता. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या भांडारांतही त्याला स्थान मिळाले. महाविद्यालयांना त्याच्या प्रती विद्यार्थ्यांना देण्यासाठी वेगळ्या परवानगीची गरज नाही. प्रतीसोबत कर्त्यांची नावे आणि परवान्याचा मजकूर मात्र कायम ठेवावा लागतो.