पट्टा बदलला, पण त्याचे सोबती?

मोटारीचा टायमिंग बेल्ट बदलायला गेलो, की मेकॅनिक हमखास सांगतो, "टेन्शनर, पाण्याचा पंप आणि ऑइल सीलही बदलून घ्या." चांगले चालणारे भाग का बदलायचे, असा प्रश्न आपल्याला पडतो. उत्तर या पट्ट्याच्या इतिहासात आहे.

दाते असलेला हा रबरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीत तयार झाला, तोही शिवणयंत्रासाठी! मोटारीत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हावा लागतो. तरच झडपा वेळेवर उघडतात-मिटतात. पूर्वी हे काम दंतचक्रे किंवा साखळी करी. त्यांना वंगण लागे, आवाजही होई. १९६२ मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत पट्टा वापरला. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या इंजिनातही पट्टाच होता.

सुरुवातीचे पट्टे निओप्रीन रबराचे. उष्णतेने ते कडक होत, तडकत. म्हणजे सर्वांत कच्चा भाग पट्टाच. पुढे हायड्रोजनयुक्त नायट्राइल रबर आले. त्याच्या रेणूंतील बहुतेक दुहेरी बंध हायड्रोजनने भरून टाकलेले असल्याने उष्णता व ओझोन त्याला सहजी बाधत नाहीत. पट्ट्याचे आयुष्य वाढले आणि कच्चेपणा शेजाऱ्यांकडे सरकला.

थोडा हिशेब करू. ताशी ५० किमी सरासरी वेगाने ६०,००० किमी जायला १,२०० तास लागतात. इंजिनाचे मिनिटाला २,५०० फेरे धरले, तर एकूण १८ कोटी फेरे होतात! क्रँकशाफ्टच्या पुलीएवढा टेन्शनर असेल, तर त्याचे बेअरिंगही जवळपास तेवढेच फिरते, तेही आत एकदाच भरलेल्या ग्रीसवर. ते अडकले तर नवा पट्टाही घसरतो किंवा तुटतो. मग अनेक इंजिनांत दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो. सील गळले तर तेलाने रबर फुगते. अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो. शिवाय या भागांपर्यंत पोचायला पुन्हा तीच उघडझाक, तीच मजुरी.

वर्गात हे सायकलवरून समजावता येईल. झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन घातली तर ती का घसरते? विद्यार्थ्यांनाच विचारून पाहा.