गुरूच्या चुंबकावरणातील प्लाझ्मा तरंग

गुरूभोवतीच्या अतिविरळ, विद्युतभारित वायूत म्हणजे प्लाझ्मात उठणारी विद्युत व चुंबकीय आंदोलने. इयो या उपग्रहावरील ज्वालामुखींचे सेकंदाला सुमारे १ टन द्रव्य या चुंबकावरणात मिसळते. त्याचे आयन बनतात आणि जेमतेम १० तासांत स्वतःभोवती फिरणाऱ्या गुरूचे चुंबकीय क्षेत्र त्यांना आपल्याबरोबर फरफटत नेते. व्हॉयेजर-१ ने १९७९ मध्ये या प्रदेशात ‘व्हिसलर’ तरंग टिपले. ते विजेच्या कडकडाटातून निघतात. त्यांच्यातील जास्त वारंवारतेचा भाग आधी पोचतो, कमी वारंवारतेचा मागाहून, म्हणून ध्वनीत रूपांतर केल्यावर उतरत जाणारी शीळ ऐकू येते. गुरूवर विजा होतात याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला. अशा ध्वनिफिती आजही कौतुकाने ऐकवल्या जातात, पण त्या कौतुकात प्लाझ्मा तरंगांचे मोठे काम झाकून जाते. ते काम म्हणजे ऊर्जेची ने-आण.

गुरूच्या प्रारण पट्ट्यांतील काही इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कोट्यवधी इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. प्रचलित खुलासा असा, की बाहेरचे इलेक्ट्रॉन आत सरकतात तसे चुंबकीय क्षेत्र तीव्र होते आणि त्यांची ऊर्जा आपोआप वाढते. हे खरेच आहे, पण त्यासाठी निघतानाच इलेक्ट्रॉन पुरेसे तापलेले हवेत. ती उणीव इयोच्या कक्षेबाहेरचे ‘कोरस’ तरंग भरून काढतात. इयोचे जड, थंड द्रव्य बाहेर जाताना त्याच्या जागी विरळ, तप्त प्लाझ्मा आत येतो आणि त्याच्या अस्थिरतेतून कोरस उठतो. इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेतो. त्याला जाणवणारी तरंगाची वारंवारता गिरकीच्या वारंवारतेशी जुळली की अनुस्पंदन होते, झोका योग्य वेळी ढकलावा तसे. गॅलिलिओ यानाच्या मोजमापांवर आधारित, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार या मार्गाने इलेक्ट्रॉन सुमारे ३० दिवसांत लक्षावधी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पोचू शकतात.

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे: तरंगांना ऊर्जा इलेक्ट्रॉनांकडूनच मिळते, मग ते इलेक्ट्रॉनांना वेग देतात या म्हणण्याला अर्थ काय? उत्तर वाटणीत आहे. कमी ऊर्जेचे असंख्य इलेक्ट्रॉन थोडेथोडे देतात. घेणारे मात्र मोजकेच, आधीच वेगवान असलेले. गॅनिमिडचा दाखला याला पूरक आहे. या उपग्रहाला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे आणि गॅलिलिओ त्याच्याजवळून गेले तेव्हा तरंगांची तीव्रता एकाएकी वाढली. तिथल्या कोरसची शक्ती आसपासच्या सरासरीच्या दहा लाख पटींपर्यंत जाते, असे २०१८ मधील विश्लेषणात दिसले. अर्थात तरंगांना निव्वळ वेगवर्धक मानणे एकांगी होईल. ऊर्जा देतानाच ते काही इलेक्ट्रॉनांची दिशा वळवून त्यांना गुरूच्या वातावरणात लोटतात. हे इलेक्ट्रॉन पट्ट्यांतून कायमचे वजा होतात आणि त्यांच्या माऱ्याने ध्रुवीय प्रकाशाचा विसरित भाग उजळतो.