बिघाडातून निघालेला सूर

मालवणच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या मुलाने गिटारसाठी घरीच ‘फझ’चे यंत्र जुळवले आणि त्यातून नुसतीच खरखर निघाली, तर घरची माणसं काय म्हणतील? “मोडलं ते, टाकून दे!” पण जरा थांबा. हे यंत्र मुळात जन्मालाच आले आहे बिघाडातून.

अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाचे ध्वनिमुद्रण चालले होते. ग्रॅडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज ज्या यंत्रातून जात होता, त्यातला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि सूर घोगरा, फाटका झाला. तो तसाच ठेवून १९६१ साली गाणे बाहेर आले, आणि लोकांना तो फाटका सूरच आवडला! मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तोच बिघाड मुद्दाम घडवणारी ट्रान्झिस्टरची जोडणी तयार केली. गिब्सन कंपनीने १९६२ साली ती विक्रीस आणली. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ती वाजवली, तेव्हा कुठे तिला गिऱ्हाईक मिळाले.

आपल्याला याचे नवल वाटायला नको. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात, तारेखाली सुताचा धागा सरकवतात, ते कशासाठी? तार घोडीला किंचित चाटून जावी आणि एका सुरातून अनेक स्वर झंकारावेत म्हणून. घोडीच्या या करामतीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली शोधनिबंध लिहिला. फझची रीत निराळी. ट्रान्झिस्टर आवाज वाढवतो. पण बॅटरीच्या ताकदीपलीकडे त्याला जाता येत नाही. मग ध्वनिलाटेचे माथे कापले जातात आणि त्या कापण्यातूनच नवे, वरचे स्वर उमटतात.

तेव्हा हवा तो बिघाड कोणता आणि नको तो कोणता, हे आधी ओळखा. हवा असलेला फाटका सूर तारेबरोबर उठतो आणि तारेबरोबरच विरतो. तार हाताने दाबूनही खरखर चालूच राहिली, तर ती नको असलेली. मग बॅटरी नवी घालून पाहा. तिची टोकं उलटी तर लागली नाहीत ना? डाख कच्चा राहिला आहे का? आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवा थर चढतो. तोही खरवडून काढा. आणि जुन्या वळणाचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असेल, तर उकाडा विसरू नका. दर दहा अंशांमागे त्याची गळती साधारण दुप्पट होते. वैशाखातल्या दुपारी रुसलेले यंत्र रात्रीच्या गारव्यात नीट बोलू लागले, तर दोष डाखाचा नव्हे, उन्हाचा!

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत टिपून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळायचे नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलाने असे खरखरणारे यंत्र वर्गात आणले, तर त्याला “हे कशाने झालं?” एवढंच विचारा. नॅशव्हिलला कोणी तरी हाच प्रश्न विचारला, म्हणून तर पुढचा इतिहास घडला.