बाळाचे मालिश घरच्या घरी : हात हलका हवा, नाका-कानात तेलाचा थेंबही नको

बेळगाव : लेक बाळंतपणाला माहेरी आली की घरात दोन गोष्टींची जुळवाजुळव सुरू होते. एक म्हणजे न्हाणीतले गरम पाणी आणि दुसरी म्हणजे बाळाला न्हाऊ घालणारी मावशी. पण आता अशी जाणती मावशी सगळीकडे मिळत नाही, मिळाली तरी वेळ जुळत नाही. मग हे काम आई, आजी आणि कधीकधी बाबांवरही येते. त्यात डॉक्टर एक सांगतात, आजी दुसरेच. सरकारी दवाखान्यातल्या अनेक सूचना कन्नडमध्ये असतात, आणि ज्या मराठी आजीच्या हातात बाळ असते तिलाच त्या वाचता येत नाहीत. म्हणून काय करायचे आणि काय टाळायचे, ते इथे एकत्र दिले आहे.

मालिश करावे की नको?

करावे, पण हलक्या हाताने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला सर्वांगाला हळुवार मालिश करायला हरकत नाही, वाढीसाठी त्याचा फायदा होऊ शकतो. त्वचेचे विकार होऊ नयेत म्हणून रोज तेल-मलम लावा, अशी शिफारस मात्र त्यात नाही. म्हणजे महत्त्व स्पर्शाला आहे, तेल फक्त हात सहज फिरण्यापुरते.

आपली ही पद्धत जगानेही उचलली आहे. कोलकात्यात एका आईला बाळाचे मालिश करताना पाहून फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबॉये यांनी 'शांतला' हे पुस्तक लिहिले. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले.

कधी सुरू करायचे?

नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत गळून पडते. बेंबी पूर्ण सुकली की मालिश सुरू करावे. बेंबीला तेल, हळद, राख, पावडर काहीच लावू नये, ती कोरडी ठेवावी. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मले असेल किंवा वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवणे जास्त गरजेचे असते.

कोणते तेल?

आपल्याकडे खोबरेल तेल सहज मिळते आणि ते बहुतेक बाळांना चालते. थंडीत ते गोठते. तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवून तेल पातळ करावे, थेट गॅसवर तापवू नये. मोहरीच्या तेलाने कोवळी त्वचा चुरचुरू शकते, म्हणून ते टाळलेले बरे. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगले, असेही नाही. त्याने त्वचेचे वरचे आवरण कमकुवत होऊ शकते. वासाची, रंगाची तेलेही नकोत. नवे तेल आधी हाताच्या छोट्या जागी लावून एक दिवस वाट पाहावी. लाली किंवा पुरळ आले तर ते तेल बंद.

तयारी

- दूध पाजून किमान पाऊण तास ते एक तास झालेला असावा. बाळ भुकेले किंवा झोपेला आलेले नसावे.
- खोली उबदार हवी, पंखा बंद. पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या थंडीत दारे-खिडक्या लावून घ्याव्यात.
- अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, नखे कापलेली असावीत, हात साबणाने धुवावेत.
- जमिनीवर सतरंजी, त्यावर मऊ दुपटे घालावे. पलंगापेक्षा जमीन बरी, बाळ घसरायची भीती नाही.

मालिश कसे करायचे?

१. सुरुवात पायांपासून. मांडीपासून घोट्यापर्यंत हात हळू सरकवावा, मग तळव्यावर अंगठा फिरवावा.

२. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तळहात गोल फिरवावा. बेंबीजवळ दाब नको. नंतर दोन्ही गुडघे हळूच पोटाकडे नेऊन सोडावेत. गॅस सुटायला मदत होते.

३. छातीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना हात न्यावेत.

४. खांद्यापासून मनगटापर्यंत हात फिरवावा. मुठी ओढून उघडू नयेत.

५. बाळाला पालथे घालून पाठीवर वरून खाली हात फिरवावा, मणक्यावर दाब देऊ नये.

६. शेवटी कपाळ आणि गाल, बोटांच्या टोकांनी.

दहा-पंधरा मिनिटे पुरे. बाळ तोंडाकडे बघत असेल, हुंकार देत असेल तर त्याला आवडते आहे. तोंड फिरवले, अंग ताठ केले, रडायला लागले की थांबावे. 'रडलं की छाती मोकळी होते' असे म्हणून रेटत राहू नये.

हे अजिबात नको

- नाका-कानात तेल : नाकात घातलेले तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कान साफ करायलाही तेल लागत नाही.
- छाती पिळणे : नवजात बाळाच्या, मुलगा असो वा मुलगी, स्तनांत आईच्या संप्रेरकांमुळे सूज येते. कधी दूधही दिसते. ते आपोआप जाते. पिळले तर जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते.
- टाळू दाबणे : टाळूवर हलके बोट फिरवले तर चालते. ती दाबून 'भरावी' लागत नाही, हाडे वाढून ती आपोआप भरते.
- नाक-डोके 'घडवणे', उलटे धरणे, पाय ओढून सरळ करून बांधणे : पाय ताठ बांधल्याने खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते.
- कणकेची गोळी, डाळीचे पीठ घासणे : लव जायची ती काही महिन्यांत आपोआप जाते, घासल्याने मात्र कातडी सोलवटते.
- काजळ, पावडर आणि धुरी : काजळात शिसे असू शकते. पावडर आणि धूर बाळाच्या श्वासात जातात.

लस दिलेल्या जागी मालिश किंवा शेक नको. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशींची इंजेक्शने मुख्यतः मांडीत देतात. ताप असेल तर त्या दिवशी मालिशला सुट्टी द्यावी.

मालिशनंतरची अंघोळ

पायांवर पालथे घेऊन न्हाऊ घालताना तेलकट बाळ निसटू शकते. म्हणून तेल आधी मऊ फडक्याने टिपून घ्यावे. पाणी कोपराने तपासावे. कोपराला कोमट वाटले तरच बाळाच्या अंगावर घ्यावे. डोक्यावरून पाण्याची धार तोंडावर येऊ देऊ नये. कोवळ्या उन्हात तेल लावून ठेवले की ड जीवनसत्त्व पुरेसे मिळते असे समजू नये. पहिले वर्षभर त्याचे थेंब रोज ४०० युनिट द्यावेत, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो.

मावशींना सांगायचे कसे?

इथेच घराघरांत अडते. 'तुमचं चुकतंय' म्हटले की मावशी रुसतात आणि आजीही. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी 'मावशी, डॉक्टरांनी नाकात तेल आणि छाती दाबायला नको म्हटलंय, बाकी तुमच्या हातचंच राहू दे' असे सांगितले तर मान राहतो आणि बाळही सुरक्षित राहते. सुरुवातीचे काही दिवस आईने किंवा घरच्या कुणीतरी शेजारी बसावे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येणे अपेक्षित आहे. त्या वेळी आजी आणि मावशी दोघींना समोर बसवून शंका विचाराव्यात.

लगेच दवाखाना गाठा

बाळ दूध ओढत नाही, अंग फार गरम किंवा थंड आहे, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आहे, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळवे पिवळे दिसतात, बेंबीतून पू येतो, यांतले एकही लक्षण दिसले तर मालिश, शेक, घरचा उपाय यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोव्यातही चालते.