माजी सैनिकांच्या मुलांचं शिक्षण : कोणती मदत कशासोबत घेता येते?

बारावीचा निकाल लागला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गर्दी होते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "पोरीला दोन ठिकाणी फॉर्म भरला तर चालेल का?" काही जण भीतीपोटी एकच फॉर्म भरतात आणि हक्काचे पैसे सोडून देतात. काही जण दिसेल तो फॉर्म भरतात आणि नंतर चौकशीत अडकतात. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

आधी हा फरक ओळखा

मदत दोन प्रकारची असते. एक फी माफीची. ती कॉलेजच्या फीपुरती असते आणि राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. दुसरी रोख मदत. ती सैनिकाच्या सेवेमुळे मिळते आणि केंद्रीय सैनिक बोर्डाकडून थेट बँक खात्यात येते. एकाच कामासाठी दोन सरकारी खात्यांकडून पैसे घेतले की अडचण येते. म्हणून प्रत्येक फॉर्म भरताना "हा पैसा कशासाठी आहे?" हे आधी विचारा.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना (पीएमएसएस)

- कोणाला : माजी सैनिकांची मुलं-मुली आणि सैनिकांच्या विधवा. तटरक्षक दलातल्या माजी जवानांची मुलंही यात येतात.
- किती : मुलींना महिन्याला ३,००० रुपये, मुलांना २,५०० रुपये. वर्षाचे एकदम जमा होतात, म्हणजे ३६,००० किंवा ३०,०००.
- कशासाठी : इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, बी.एड. असे व्यावसायिक कोर्स. साध्या बी.ए., बी.कॉम.ला ही योजना नाही.
- गुण : बारावीला किंवा डिप्लोमाला किमान ६० टक्के.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो. "पुढच्या वर्षी बघू" म्हणालात तर चार वर्षांच्या कोर्सचे मुलीचे १,४४,००० रुपये गेले असं समजा. दुसरी गोष्ट, देशभरात वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या आहेत आणि निवड गुणांवर होते. शहीद व अपंगत्व आलेल्या जवानांच्या कुटुंबांना आधी प्राधान्य असतं. त्यामुळे अर्ज जरूर करा, पण या पैशाच्या भरवशावर फीचं गणित मांडू नका.

रक्षामंत्री निधीतून शिक्षण अनुदान

हे हवालदार किंवा त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांसाठी आहे. पहिलीपासून पदवीपर्यंत, जास्तीत जास्त दोन मुलांना मिळतं. आधी एका मुलामागे महिन्याला १,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते २,००० झाले, म्हणजे वर्षाला २४,०००. विधवेला स्वतःला दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीही हे अनुदान घेता येतं.

इथे मात्र अट आहे. या मुलासाठी राज्य सरकारकडून किंवा सध्याच्या नोकरीतून शिक्षण भत्ता, शिष्यवृत्ती घेत नाही, असं लिहून द्यावं लागतं. बँकेत, एसटीत किंवा सरकारी खात्यात दुसरी नोकरी लागलेल्यांनी सही करण्याआधी हे वाक्य दोनदा वाचावं.

राज्याची फी सवलत

सीईटीनंतर कॅप राउंडमधून प्रवेश घेतला असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या प्रवर्गाच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्युशन फी मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्पन्नाच्या दाखल्यात पेन्शन धरली जाते, ती लपवू नका. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर या सवलती मिळत नाहीत.

अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना यासोबत डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचाही अर्ज करता येतो. एक फीसाठी, दुसरा राहण्यासाठी.

एका घराचं उदाहरण

समजा, हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ओबीसी प्रवर्ग, उत्पन्न ८ लाखांच्या आत. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, मुलगा नववीत. त्यांनी असं करावं :

१. मुलीची फी माफी महाडीबीटीवरून.
२. मुलीसाठी त्याच वर्षी पीएमएसएसचा अर्ज. फी माफी घेतल्याचं सैनिक कल्याण कार्यालयात आधीच सांगायचं, त्या वर्षीच्या सूचनांमधली अट दाखवून घ्यायची.
३. रक्षामंत्री निधीचं अनुदान शाळेतल्या मुलासाठी.

म्हणजे प्रत्येक मुलाला योग्य ती योजना मिळते आणि प्रतिज्ञापत्रही खोटं ठरत नाही. मुलगी बी.एस्सी.ला असती तर पीएमएसएस नाही. तिथे रक्षामंत्री निधीचाच विचार करावा लागला असता.

शहीद आणि युद्धात अपंग झालेल्यांची मुलं

त्यांच्यासाठी संरक्षण मंत्रालयाची वेगळी सवलत आहे. मान्यताप्राप्त संस्थेत पहिल्या पदवीपर्यंतची ट्युशन फी मिळते. २०१७ मध्ये यावर महिन्याला १०,००० रुपयांची मर्यादा आली होती, ती २०१८ मध्ये काढली. या कुटुंबांनी आधी हीच सवलत घ्यावी.

स्वतः शिकायचं असेल तर?

वरच्या शिष्यवृत्त्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहेत, निवृत्त जवानाला स्वतःला नाहीत. त्याच्यासाठी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात. अग्निवीरांनी एक लक्षात ठेवावं : चार वर्षांनी बाहेर पडल्यावर माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, म्हणून या योजनाही लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी इग्नूची पदवी आहे. त्यात सेवेतल्या प्रशिक्षणाचे ५० टक्के क्रेडिट धरले जातात. सेवेत असतानाच नाव नोंदवा.

अर्ज कुठे अडकतो?

बहुतेक वेळा नावावर. डिस्चार्ज बुकात "सुनिता", आधारवर "सुनीता", दाखल्यावर जन्मतारीख वेगळी. रेकॉर्ड ऑफिसला मुलाची पार्ट-टू ऑर्डर झालेली नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही, आणि ती दुरुस्ती व्हायला महिने जातात. म्हणून मूल दहावीत असतानाच हे तपासा :

- डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि माजी सैनिक ओळखपत्र
- मुलाचं आधार, शाळेचा दाखला, गुणपत्रिका. सगळीकडे नाव आणि जन्मतारीख एकच
- मुलाच्या स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं बँक खातं
- कॉलेजचं बोनाफाईड

पीएमएसएसचा अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाईटवर मोफत भरता येतो. भरून झाल्यावर मूळ कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पडताळणी करून घ्या. ती झाली नाही तर अर्ज पुढे जातच नाही. पोचपावतीचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी किमान ५० टक्के गुण लागतात, हेही मुलांना आजच सांगून ठेवा.