मोडशी, हिवताप आणि रोगांची अंकलिपी

गोव्यात इ. स. १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने एका भयंकर रोगाची निरनिराळी नावे नोंदवून ठेवली आहेत. एतद्देशीय लोक त्याला मोडशी म्हणत, अरब हैजा म्हणत. पोर्तुगीजांच्या जिभेवर मोडशीचे ‘मोर्देशी’ झाले. पुढे फ्रेंचांनी तर त्याचे ‘मोर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, करून टाकले! रोग एकच, पटकी. परंतु मराठीत साध्या अजीर्णालाही मोडशीच म्हणतात. तेव्हा नुसत्या नावावरून पटकीचे बळी किती, हे कोणी मोजावे?

ही अडचण केवळ गोव्याची नव्हती. लंडनच्या जन्ममृत्यू-नोंदणी कचेरीतील विल्यम फार ह्याने १८३९ च्या अहवालात नेमकी हीच तक्रार केली : एका रोगाला तीन-चार नावे, आणि एका नावाखाली तितकेच रोग. १८९३ साली शिकागो येथे झाक बेर्तियाँ ह्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्युकारणांची यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली व तीत केवळ मरणाचीच नव्हे, तर आजारांचीही गणना होऊ लागली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तथापि नवशिक्याला दहावीच अधिक सुबोध.

तिची घडण साधी आहे. आरंभी एक रोमन अक्षर, मग दोन अंक, टिंब, आणि पुढे बारकावा सांगणारा अंक. पटकी म्हणजे ‘ए ००’. हिवताप ‘बी ५०’ ते ‘बी ५४’. त्यातही ‘५०’ हा घातक फाल्सिपेरमचा, ‘५१’ व्हायवॅक्सचा, आणि जंतू ओळखलाच नसेल तर ‘५४’. शिकणाऱ्याने प्रथम अकारविल्हे सूचीत शब्द पाहावा व नंतर मुख्य कोष्टकात तो पडताळावा. सूचीवरच विसंबणारा हमखास फसतो. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडले’ असे लिहिणे तर निरर्थकच, कारण ते कोणाचे बंद पडत नाही? ज्या मूळ रोगाने मरणाची साखळी सुरू झाली, त्याचाच अंक मोजला जातो.

पेडणे-डिचोलीच्या बाजूला ह्या काटेकोरपणाचे मोल फार आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यांच्या रोगाचा विषाणू वेगळा केला. गोचिडीतून पसरणारा हा माकडताप २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये डिचोलीला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात दिसला. काजूच्या हंगामात रानात वावरणाऱ्या माणसाला ताप येतो. दवाखान्याच्या वहीत नुसते ‘ताप’ असे लिहिले गेले, तर त्याचा अंक ‘आर ५०.९’, म्हणजे कारण न कळलेला ताप. रक्ततपासणीत माकडताप ठरला, तर ‘ए ९८.२’. दोडामार्गचे रोगी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात येतात. सीमेच्या एका अंगाला पहिला अंक पडला आणि दुसऱ्या अंगाला दुसरा, तर एकाच रानातली साथ दोन राज्यांच्या कागदांवर दोन वेगळे आजार म्हणून नोंदली जाते, आणि गोचीडनाशक कोणत्या गावी आधी पाठवावे हे कोणालाच उमगत नाही.