पलटण गेली, दसरा राहिला



आज हिंगोलीच्या दसऱ्याबद्दल बोलायचं आहे. या दसऱ्याचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'म्हैसूरनंतर आपलाच नंबर!' ऐकायला बरं वाटतं. पण पहिला कोण आणि दुसरा कोण, हा स्पर्धेच्या परीक्षकाचा प्रश्न झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा असतो. तो विचारतो, हा दसरा इथे आला कसा?

मराठी मुलखातल्या कुठल्याही खेड्यात दसऱ्याला माणसं काय करतात? शिलंगणाला जातात. म्हणजे शीव ओलांडायची, शमीची पूजा करायची, आपट्याची पानं सोनं म्हणून एकमेकांना द्यायची आणि थोरांच्या पाया पडायचं. घरी अवजारांची, शस्त्रांची, वह्यापुस्तकांची पूजा. पावसाळा सरला, नद्यांचं पाणी उतरलं, मोहिमेवर निघायचे दिवस आले, हा त्याचा जुना अर्थ. आता मला सांगा, यात रावण कुठे आहे? आपल्या आजी-आजोबांच्या दसऱ्यात रावण जवळजवळ नव्हताच. आणि हिंगोलीत तर गावाच्या मोठ्या मैदानाचं नावच रामलीला मैदान! सगळ्या पंचक्रोशीची माणसं तिथं रावणदहन बघायला लोटतात. मग हा रावण आला कुठून?

परंपरा असं सांगते, की १८५५ साली खाकीबाबा मठाचे महंत मानदासबाबा यांनी हा उत्सव सुरू केला. या एका वाक्यात दोन धागे आहेत. एक मठाच्या नावात, दुसरा सालात.

आधी नाव घेऊ. खाकी म्हटलं की तुम्हाला पोलिसाची वर्दी आठवणार. (हशा) पण मूळ शब्द फारसीतला 'खाक', म्हणजे माती, राख. उत्तरेकडच्या रामानंदी बैराग्यांमध्ये अंगाला राख फासणाऱ्या साधूंना खाकी म्हणतात. यांचं दैवत राम. यांच्या मुलखात तुलसीदासांचं 'रामचरितमानस' घरोघर. ते लिहायला घेतलं १५७४ मध्ये, अयोध्येत, अवधी बोलीत. त्या ग्रंथाच्या आधाराने गावोगाव रामलीला होऊ लागली, आणि तिच्या शेवटी रावण जळू लागला. म्हणजे मठाचं नावच आपल्याला अयोध्या-काशीच्या वाटेवर नेऊन सोडतं.

आता साल. १८५५ ची हिंगोली कशी होती? ती छावणी होती. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती, तिला पुढे 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हणू लागले. औरंगाबाद, बोलारम, एलिचपूर अशी तिची ठाणी होती, आणि त्यातलंच एक हिंगोली. कारण उघड आहे. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे दिला, तो याच फौजेच्या खर्चापोटी. त्यानंतर दोनच वर्षांनी हा दसरा सुरू होतो.

या फौजेच्या पायदळात अवधकडचे, म्हणजे ज्यांना आपण 'परदेशी' म्हणायचो, ते शिपाई मोठ्या संख्येने होते. घोडदळात दख्खनी मुसलमान होते. त्यांच्यामागे बाजार आला. वाणी आले, मारवाडी आले, घोड्यांचे वैद्य आले, चांभार, शिंपी आले. कागदपत्रं जरा बाजूला ठेवा आणि गावात नुसतं फिरा. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. सगळी छावणी अजून पत्त्यांमध्ये उभी आहे! पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ. आणि पेन्शनपुरा हे नाव मला सगळ्यात बोलकं वाटतं. नोकरी संपली तरी जी माणसं परत गेली नाहीत, त्यांची ती वस्ती.

माझं म्हणणं एवढंच आहे, की रामलीलेला उभं राहायला नुसता साधू पुरत नाही, प्रेक्षक लागतो. घरापासून शेकडो कोस लांब, पगारावर राहणारा, दसऱ्याला गावाकडची लीला आठवणारा शिपाई हा तो प्रेक्षक होता. मठ आणि छावणी यांची इथे गाठ पडली. म्हैसूरशी तुलना करायचीच तर इथे करा. म्हैसूरचा दसरा वडियार राजांचा, सतराव्या शतकाच्या आरंभी श्रीरंगपट्टणात सुरू झालेला. तो सिंहासनाचा दसरा. हिंगोलीला ना राजा, ना सिंहासन. इथला दसरा सुरू झाला तो एका बैराग्याच्या मठातून. मला हे वेगळेपण दुसऱ्या नंबरापेक्षा मोठं वाटतं.

असं फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही बरं का. फिलिपाइन्समध्ये सेबू नावाचं शहर आहे. १५२१ साली मॅगेलन तिथे उतरला आणि त्याने तिथल्या राणीला बाळ येशूची एक मूर्ती भेट दिली. म्हणजे मूर्ती आली ती परक्यांच्या जहाजातून. आज त्याच मूर्तीपुढे दर जानेवारीत 'सिनुलोग' नावाचा नाच होतो, दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे. अख्खं शहर रस्त्यावर येतं. आणि आजच्या मोठ्या मिरवणुकीचं रूप त्याला आलं कधी? १९८० मध्ये. मूर्ती बाहेरची, नाच तिथला, मिरवणूक अगदी काल-परवाची. पण सेबूच्या माणसाला विचारा, तो म्हणेल, हे आमचंच. आणि त्याचं खरंच आहे.

परत हिंगोलीत येऊ. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंट ही वेगळी फौज राहिली नाही. तिच्या तुकड्या इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळल्या आणि इथली छावणी उठली. उत्सव फक्त छावणीचा असता तर तोही तेव्हाच उठला असता. तो राहिला. का? कारण मधल्या पन्नास वर्षांत बघणारे बदलले होते. कापसाच्या बाजाराला येणारा शेतकरी रावण बघून जात होता. तोच शेतकरी आपट्याचं सोनंही वाटत होता. मराठी शिलंगण आणि अवधी रामलीला एकाच संध्याकाळी, एकाच गावात मावले. दोघांपैकी कुणालाच जागा सोडावी लागली नाही. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा जिल्हा झाला. राज्यं बदलली, मैदान तेच.

आणि आता उलटी वाट बघा. याच तालुक्यात नर्सी आहे, नामदेवांचं गाव. नामदेव महाराज पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तिकडच्या माणसांनी कधी म्हटलं नाही, की हा बाबा बाहेरचा. हिंगोलीच्या मातीतून नामदेव उत्तरेला गेले आणि पाचशे वर्षांनी उत्तरेकडून रामलीला हिंगोलीत आली. मी याला देवघेव म्हणतो. आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नर्सीला जमणारी गर्दी आणि दसऱ्याला मैदानावरची गर्दी, यात बरीच माणसं तीच असतात.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. 'स्थानिक संस्कृती' हा शब्द हल्ली फार वापरला जातो, आणि पुष्कळदा कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी वापरला जातो. हिंगोलीत ज्यांचं आडनावच परदेशी आहे, त्यांच्या पाच-पाच पिढ्या इथे जन्मल्या आणि इथेच गेल्या. त्यांना बाहेरचं म्हणायचं असेल, तर प्रामाणिकपणे रावणालाही बाहेरचं म्हणावं लागेल, आणि मैदान रिकामं करावं लागेल. तयारी आहे का आपली?

शेवटी एक विनंती. यंदा दसऱ्याला पुतळा किती फुटी, हे मोजून झालं की घरी जाताना पेन्शनपुऱ्यातून, तोफखान्यातून जा. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोनं द्या आणि विचारा, 'आजोबा, तुमचं घराणं इथं कुठून आलं?' ते जे सांगतील ते लिहून ठेवा, तारीख टाका. या गावाचा तेवढा इतिहास अजून लिहायचा राहिलाय.